मामासासऱ्यांचं अक्षरी कुलूप

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या मामासासऱ्यांइतका सावध माणूस झाला नाही, आणि स्वतःच्याच सावधपणात त्यांच्याइतका अडकलेलाही दुसरा झाला नाही. अकोल्याच्या कचेरीत नकला उतरवण्यात त्यांची हयात गेली. लोकांचे कागद गहाळ झालेले पाहून त्यांनी असा धसका घेतला होता, की शेताच्या कागदांपासून देवी टोचल्याच्या दाखल्यापर्यंत घरातला चिटोरा न् चिटोरा एका लोखंडी पेटीत बंद असे. पेटीला पितळेचं अक्षरी कुलूप. त्याला किल्ली नव्हती. तीन चकत्या, प्रत्येकीवर पंधरा अक्षरं, आणि ठरलेला शब्द जुळला की कडी सुटायची. “किल्ली चोरता येते, जावईबापू. डोक्यातलं कोन चोरीन?” असं ते मला दर भेटीत ऐकवत.

डोक्यातलं चोरायला तिथे ते राहिलं तर पाहिजे ना! मामा संशय आला की शब्द बदलत, आणि संशय त्यांना शिंकेचाही येई. शेजारचे गुरुजी पेटीपाशी जरा रेंगाळले, बदलला शब्द. भर वैशाखात, अकोल्याच्या त्या उन्हात, डोक्यावरून घोंगडी घेऊन कुलूप उघडताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं आहे. विसरायला नको म्हणून प्रत्येक नवा शब्द ते एका वहीत टिपून ठेवत. वही अर्थातच पेटीत ठेवत.

साठ सालच्या सुमाराला त्यांच्या धाकट्या लेकीला, सुमनला, अमरावतीच्या एका शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. घराण्यात नोकरीला निघालेली ही पहिलीच पोरगी. दुसऱ्या दिवशी मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवायचं होतं, चारच्या गाडीनं मी तिला घेऊन जाणार होतो, आणि मामांना शब्द आठवेना. देवांची नावं लावून झाली, बैलांची झाली, गावांची झाली. शेवटी लोहार बोलावला, तर मामा पेटीवर मांडी घालून बसले. “माह्यी पेटी मलेच उघडता येत नाही, असं गाव म्हनीन! अर्दा घंटा थांबा.” सुमनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला त्यांचा असा राग आला, की नात्याचा मान आड आला नसता तर मीच घण हातात घेतला असता.

“बाबा, शब्द ठेवताना मनात काय आलं होतं, तेवढं तं सांगा,” सुमन म्हणाली.

“एवढंच आठवते, का ह्या घरात कोनाच्या तोंडून निंगनारच नाही, असा ठेवला होता.”

सुमनचं लक्ष चुलीपाशी बसलेल्या मामींकडे गेलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून त्या गंगाबाई. तेही नाव मामांनी कधी घेतलं नव्हतं. “माय, तुह्यं माहेरचं नाव काय होतं वं?”

“आता कावून पायजे तुले ते?” मामी पदर सावरत म्हणाल्या. “कमल म्हने माह्यी माय.”

मामांचे कान लालबुंद झाले. “तोंडं फिरवा सगळे!” ते ओरडले. लोहारासकट आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. चकत्या करकरल्या, आणि खट्! मागे वळून पाहतो तर दंगल जिंकलेल्या पहिलवानासारखे मामा सर्टिफिकेट डोक्यावर धरून उभे. ते त्यांनी स्टेशनापर्यंत तसंच मिरवत नेलं. रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले, “उघडली! घन न लावता उघडली!” पोरीला नोकरी लागली, आणि ती आपल्या कुलपामुळेच लागली असं मामा शेवटपर्यंत सांगत राहिले.

त्यानंतर मात्र त्यांनी शब्द बदलला नाही. घरादाराला तो ठाऊक झाला होता, लोहारालासुद्धा. मी एकदा चिडवलं, “मामा, आता हे कुलूप काय कामाचं? बदला की शब्द!”

ते बराच वेळ चकत्यांवरून बोट फिरवत राहिले. “तोंडानं तं जमलं नाही, जावईबापू,” ते हळूच म्हणाले. “हातानं तं घेऊ द्या.”

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामी ती पेटी दुसऱ्या कोणाला उघडू देत नाहीत. स्वतःच उघडतात, आणि उघडायला फार वेळ लावतात.