परशुरामअण्णाची घोडी

काल देशपांडे नगरात गटारीकडेला चुना टाकत होते. त्या वासानं मी थेट जुन्या हुबळीतल्या एका तबेल्यात जाऊन पोचले.

मी तेव्हा सरकारी पशुवैद्य होते. परशुरामअण्णाच्या वरातीच्या घोडीला, सगुणाला, ग्लँडर्स झाला होता. हा रोग माणसालाही होतो. कितीतरी देशांनी तो आजारी घोडे मारूनच संपवला. आम्हालाही सुई टोचून तेच करायचं होतं. बाहेर खड्डा तयार होता, त्यात चुना पसरला होता.

अण्णा दारात आडवा आला. "अक्का, आधी मला टोचा!" म्हणत त्यानं चाबूक हाणला. माझी भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. आमच्यासोबत आलेल्या पोलिसांनी त्याला भिंतीवर आपटून काठ्यांनी झोडपलं. सगुणा बिथरून लाथा झाडू लागली. तिच्याजवळ कुणालाच जाता येईना.

"सोडा त्याला!" मी ओरडले. "ती त्याचंच ऐकेल."

अण्णा उठला, त्यानं सगुणाची मान धरली. फुटक्या ओठांनी तिच्या कानाशी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला. ती शांत उभी राहिली. मी सुई टोचली आणि ती त्याच्या पायाशी कोसळली.

त्या दिवशी अण्णाला मी मारातून सोडवलं, असंच मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटतं, मी त्यालाच तिला धरायला लावलं.