चार बोटे लांब मोजे
ओल्या लोकरीचा वास आला की मला दहावीतला तो हिवाळा आठवतो. जन्मभर धानाच्या बांधीतल्या चिखलात अनवाणी राबलेल्या माझ्या वडिलांना तेव्हा वरठीच्या कारखान्यात काम लागले होते, आणि तिथल्या कडक बुटांनी आठवड्यातच त्यांचे पाय सोलून निघाले. "मले नाही जमत, सोडून देतो," ते आईला म्हणाले. ते काम सुटले असते तर माझी शाळाही सुटली असती. मी शाळेतल्या विणकामाच्या बाईंकडे गेले. त्यांनी सायकलच्या तारा दगडावर घासून सुया करायला लावल्या आणि मोजे शिकवले. टाचेच्या वळणावर टाके गळत. तीनदा उसवावे लागले. आमच्या घरी मुलीने बापाच्या पायाला हात लावायचा नसे, म्हणून तळ्याकाठच्या ओल्या मातीत उमटलेल्या त्यांच्या पावलाचे मी सुतळीने माप घेतले. चिखलात पाऊल घसरून ठसा लांबतो, हे लक्षातच आले नाही. मोजे चार बोटे लांब झाले. "हे तं हत्तीच्या पायाचे झाले व माय," वडील म्हणाले. "द्या, उसवते," मी रडवेली झाले. "कायले उसवतं? मस्त हायेत." त्यांनी जास्तीची लोकर बोटांखाली दुमडली, बूट चढवले आणि कामावर गेले. पुढे कॉलेजात कवायतीच्या बुटांत मोठे पडणारे लोकरीचे मोजे दुमडून घातले तेव्हा मला कळले, की दुमडलेली लोकर पायाला किती रुतते. मी पदवीधर होईपर्यंत ते तेच मोजे घालत राहिले.