चोकडीला बसवलेली काच

"तुमच्या घरी पाणी कशावर तापवता?"

डॉक्टरबाईंनी हे मला आधी दोनदा विचारलं होतं म्हणे. मला आठवतं ते तिसऱ्यांदा विचारलेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोक्यात घण पडत होते आणि शेजारच्या कॉटवर माझी बायको हेमा डोळे मिटून पडली होती. "गॅस गिझर," मी मास्कमधूनच म्हणालो.

"तिथे खिडकी आहे?"

"उघडी गॅलरी होती. दिवाळीच्या आधी काचा लावून बंद करून घेतली."

त्यांनी हातातला रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला. "काका, कार्बन मोनॉक्साइड आहे. तुम्हा दोघांच्या रक्तात. काकूंच्या जास्त. आणि हे आजचं एका दिवसाचं वाटत नाही."

हे दोन शब्द मला नवे नव्हते. बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात मी सव्वीस वर्षं ऑपरेटर होतो. हा वायू ओळखणारं लहानसं यंत्र रोज माझ्या शर्टाच्या खिशाला लावलेलं असायचं. घरी परतताना ते मी गेटवर जमा करायचो. माझ्या घरातच तो वायू आहे हे मला अडीच महिने कळलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. माझ्यासारख्याला कळलं नाही, तर तुम्हाला कळेलच असं नाही.

आमचा फ्लॅट गोत्रीला, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे भांडी-कपडे धुण्याची छोटी गॅलरी आहे. बडोद्यात तिला चोकडी म्हणतात. पाइपलाइनच्या गॅसवर चालणारा गिझर तिथल्याच भिंतीवर होता. चोकडी उघडी होती तोवर काही झालं नाही. पण धूळ यायची, डास यायचे, थंडीत वारा लागायचा. दिवाळीच्या आधी आम्ही तिला अॅल्युमिनियमच्या चौकटीत सरकत्या काचा बसवून घेतल्या. शिवाय गिझरची एक लाइन स्वयंपाकघरातल्या नळाला जोडली. हेमाला भांडी घासायला चोवीस तास गरम पाणी. मी फार खूश होतो. हेमाही.

भाऊबीज झाली आणि तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी कामं आटोपली की दुखायचं, संध्याकाळी देवळात जाऊन आली की थांबायचं. आम्ही चष्मा बदलला. मग मळमळ सुरू झाली, पित्ताच्या गोळ्या झाल्या. मी डे शिफ्टला असायचो, सकाळी साडेसहाला बस. दिवसभर ती घरात एकटी. आमची मुलगी मीनल पुण्याला असते.

एक दिवस मी कामावरून आलो, तर ओट्यावर चहाचे दोन कप. एक रिकामा, दुसरा भरलेला, वर साय धरलेली.

"कोण आलं होतं?"

"चोकडीतली बाई," हेमा म्हणाली. "घेतला नाही तिने."

मला वाटलं कोणी नवी कामवाली असेल. आमच्याकडे कामवाली नाही हे मला जरा वेळाने आठवलं.

मग तिने सगळं सांगितलं. सकाळी दहा-साडेदहाला, तिची स्वतःची भांडी घासून झाली की चोकडीतून भांड्यांचा आवाज येतो. तिथे एक बाई पाठमोरी बसलेली असते. विटकी हिरवी साडी, अंबाडा. भांडी घासत असते, पण पाणी वाहत नाही. ती कधी मागे वळून पाहत नाही. हेमाला आधी भीती वाटली होती. आता वाटत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ती हे स्वच्छ उजेडात, भाजी निवडता निवडता सांगत होती. मी चोकडीत जाऊन आलो. तिथे पालथी घातलेली भांडी होती आणि बंद काचांवर वाफ साचलेली होती. वाफेवर आतल्या बाजूने बोटाच्या रेघा होत्या. हेमानेच ओढल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. वेटिंग रूममध्ये हेमा माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, मला वेड लागलेलं नाही. माझं ऐका तरी." मी "हो हो" म्हणालो. आत गेल्यावर मात्र तिच्याऐवजी मीच बोललो. मुलगी लांब, वय पन्नाशीच्या पुढचं, दिवसभर एकटी. डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं. घरात पाणी कशावर तापतं हे त्यांनी विचारलं नाही आणि ते सांगावं असं मलाही वाटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. ती दुपारीही झोपायला लागली, त्याच बंद घरात.

मग मीनलने तिला दहा दिवस पुण्याला नेलं. तिसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली. ती नातवाला घेऊन बागेत गेली, हसली, पुरणपोळ्या केल्या. मीनल मला फोनवर म्हणाली, "बाबा, आई एकदम बरी आहे. तुमच्या घरातच काहीतरी आहे." मी त्या वाक्याचा उलटा अर्थ लावला. मला वाटलं, हेमाला माझ्याबरोबर राहायचं नाही.

बडोद्याला परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो. हेमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ती म्हणाली, उशीर केलात."

"कोण?"

"आज पहिल्यांदाच बोलली," हेमा म्हणाली आणि वळून आत गेली.

मी त्या दिवशी कसाबसा कामावर गेलो आणि संक्रांतीपर्यंतची रजा टाकून आलो. पाच दिवस. तिच्यावर नजर ठेवायची, एवढंच मनात होतं.

पहिल्या दिवशी दुपारी माझंही डोकं जड झालं. काळजीने असेल. दुसऱ्या दिवशी जिना चढताना पाय भरून आले, छातीत धडधडलं. मीनलने आईसाठी पाठवलेला ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र, मी स्वतःला लावलं. अठ्ठ्याण्णव. हेमाला लावलं. नव्व्याण्णव. उत्तम आहे म्हणून मी ते ठेवून दिलं.

तिसऱ्या दिवशी मी टेबलाशी पेपर वाचत होतो. हेमा नुकतीच भांडी घासून बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. चोकडीतून भांड्यावर भांडं आदळल्याचा आवाज आला. मग घासल्याचा. मी मान वर केली नाही. पेपरातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. आवाज थांबला तेव्हा वर पाहिलं, तर दाराच्या चौकटीमागे हिरव्या पदराचं टोक सरकताना दिसलं.

सव्वीस वर्षं व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज सांभाळलेला माणूस मी. उठलो, घरातल्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, कड्या घातल्या, देवापुढे समई लावली आणि उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. बाहेरून काही आत येऊ नये म्हणून.

हेमा जागी झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हालाही दिसली ना?"

मी नाही म्हणालो.

संक्रांतीच्या सकाळी, इकडच्या उत्तरायणात, अख्खी सोसायटी अगाशीत, म्हणजे गच्चीवर, पतंग उडवत होती. लाउडस्पीकर, पिपाण्या, पतंग कापला की "लपेट, लपेट!"च्या आरोळ्या. आवाज नको म्हणून आम्ही खाली, दारं-खिडक्या लावून. हेमा तीळ लावून डोक्यावरून न्हायली. पाठोपाठ मी. गिझर तासभर तरी चालू असेल. न्हाणं झाल्यावर ती बाहेर सोफ्यावर बसली. मी गुळाच्या पाकाचं पातेलं विसळायला स्वयंपाकघरात गेलो आणि गरम नळ सोडला.

ती चोकडीत होती. माझ्यापासून चार हातांवर, पाठमोरी. या वेळी तिचे हात थांबलेले होते. मी नळ बंद करायला हात उचलला, पण तो माझा हात वाटेना. तिची मान हळूहळू वळायला लागली.

एवढंच आठवतं.

समोरच्या पारुलबेन उंधियू आणि जलेबीची ताटली घेऊन अगाशीतून खाली आल्या होत्या. बेल वाजवली, "हेमाबेन! मोहितेभाई! दरवाजो खोलो ने!" म्हणून हाका मारल्या. आतून पाण्याचा आवाज येत होता, पण उत्तर नाही. हेमा पुण्याला गेली तेव्हा दिवसा झाडांना पाणी घालायला मी त्यांच्याकडे एक किल्ली दिली होती, ती त्यांनी आणली. आत येताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गुदमरल्यासारखं वाटलं म्हणून काच सरकवली आणि खिडक्या उघडल्या. मग अगाशीकडे तोंड करून ओरडल्या. पतंग सोडून माणसं धावत आली. त्यांना वायूबद्दल काही माहीत नव्हतं. त्या फक्त खिडकी उघडणाऱ्या बाई आहेत.

हॉस्पिटलमध्ये जी तपासणी झाली तिचं नाव कार्बॉक्सिहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. हा वायू त्या जागा बळकावून बसतो आणि सहज उठत नाही. साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो, म्हणून आकडा उत्तम येतो आणि माणूस आतून उपाशी राहतो. ही तपासणी मागावी लागते. वायूला रंग नाही, वास नाही. बंद घरात सगळ्यांना एकदमच डोकेदुखी, मळमळ, गोंधळ होत असेल आणि घराबाहेर बरं वाटत असेल, तर आधी बाहेर पडा, मग विचार करा. आणि डॉक्टरांना गिझरचं न विचारता सांगा.

मी डॉक्टरबाईंना त्या बाईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असं दिसू शकतं. काकूंचं वर्णन तुम्ही ऐकलेलं होतं, म्हणून तुम्हालाही तीच दिसली." मला ते पटतं. हेमाने नंतर एकदाच विचारलं, "तिचा चेहरा बघितलात?" मी नाही म्हटल्यावर म्हणाली, "बरं झालं." तिने बघितला होता की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

घरी आल्यावर आमच्या प्लँटचे सेफ्टी ऑफिसर पटेलसाहेब गॅसचं यंत्र घेऊन आले. काचा लावल्या, गिझर चालू केला, पटेलसाहेब आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिलो. थोड्याच वेळात ते यंत्र किंचाळायला लागलं. तो आवाज मी कारखान्यात किती वेळा ऐकला होता. आता तो माझ्या ओट्यासमोर, मीठ-मसाल्याच्या डब्यांशेजारी ऐकत होतो. पटेलसाहेबांनी गॅस बंद केला आणि सगळ्या काचा सरकवल्या.

काचा आणि गिझर दोन्ही गेले. पण हेमाचा आजार तिथे संपला नाही. तीन आठवड्यांनी ती शब्द विसरू लागली. चमच्याला "ते ढवळायचं" म्हणायची. एमआरआय, म्हणजे मेंदूचं चुंबकाने काढलेलं चित्र, झालं. हा वायू गेल्यावरही उशिराने असा त्रास देऊ शकतो. डॉक्टर म्हणाले, बहुतेक भरून येईल, पण सावकाश. झोप पुरेशी, चालणं रोज, एका वेळी एकच काम, घाई अजिबात नाही.

गॅसची निळी ज्योत पाहिली की तिला घाम फुटायचा. इलेक्ट्रिक गिझर घ्यायचा ठरलं होतं, पण तिला भिंतीवर कुठलाच डबा नको होता. मग मी लहरीपुऱ्याच्या बाजारातून झाकणाची दोन मोठी पातेली आणली, बाहेरून काळी रंगवली आणि अगाशीत ठेवली. सकाळी आठला भरायची. बडोद्याच्या उन्हात बाराच्या सुमाराला पाणी अंगाला सोसेल इतकं तापतं. एकेक बादली दोघांना पुरते. आंघोळ सकाळची दुपारवर गेली, कारण ऊन आपल्या घड्याळाने चालत नाही. ढगाळ दिवशी गार पाण्याने अंग पुसून घेतो.

एक बदललं की त्याच्या मागोमाग बाकीचं बदलत गेलं. भांडी भिजत घालतो, गार पाण्याने धुतो, म्हणून मुळात कमीच काढतो. खिडक्या उघड्या, त्यांना जाळ्या. रूम फ्रेशनर बंद. धूळ येते, पुसतो. भाजीला दोघं चालत जातो, कारण तिला चालायचं आहे आणि प्रत्येक भाजीचं नाव तिनेच घ्यायचं, असा आमचा सराव आहे. दुधी आठवायला पहिल्यांदा तिला अख्खा रस्ता लागला. भाजीवाली थांबून राहिली. मी कामावरून वेळेआधी निवृत्ती घेतली. या सगळ्याला आता लोक चांगली नावं देतात, पर्यावरण वगैरे. आम्ही घाबरून सुरुवात केली होती. आता घाबरत नाही, तरी तसंच चाललंय.

गेल्या आठवड्यात दुपारी आम्ही जेवून बसलो होतो. हेमा एकदम म्हणाली, "अहो, खालून कसलातरी आवाज येतोय."

मला काहीही ऐकू येत नव्हतं. पूर्वीचा मी तसं म्हणालो असतो आणि पेपर वर धरला असता. मी उठलो, चपला घातल्या आणि तीन मजले उतरलो. मीटरच्या खोलीपर्यंत गेलो, पंपाला कान लावला, मागचं अंगण पाहिलं. कुठेच काही नव्हतं. पुन्हा तीन मजले चढून आलो, तेव्हा ती दारातच उभी होती.

"काही नाही," मी सांगितलं. "पण परत आला आवाज तर सांग. मी परत जाईन."