मावशींची डावी कड

आमचं काम ऐकून लोक हसतात. पांढऱ्यातून पांढरं वेगळं काढायचं! उपग्रह ध्रुवाकडचे फोटो पाठवतो. खाली बर्फ, वर ढग, दोन्ही दुधासारखे पांढरे. आम्ही पडद्यावर डोळे फाडफाडून बघायचं आणि ढगाभोवती रेघ मारायची. यंत्राला ते नीट जमत नाही म्हणून माणसं बसवलीत. माणसं दमतात, हे मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही.

खोलीत खुर्च्या दोनच. एक माझी, एक मावशींची. मावशी म्हणजे कचेरीतल्या सगळ्यांत जुन्या. साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. मध्ये प्लायवूडची फळी, कारण एकाच फोटोवर दोघींनी एकमेकींना न विचारता खुणा करायच्या आणि मग दोन्ही एकावर एक ठेवून बघायचं. जुळलं तर पुढचा फोटो, नाही जुळलं तर भांडण. भांडणात त्याच जिंकायच्या. त्यांची युक्ती साधी होती. एकाच जागेचे थोड्या वेळाने काढलेले दोन फोटो आलटून पालटून बघायचे. हलला तो ढग, बसून राहिला तो बर्फ. "आणि बसून राहतो पण वितळत नाही, तो साहेब," हे वर. घरी नवऱ्याने विचारलं, कपडे बाहेर वाळत घालू का, तर म्हणायच्या, "इथलं मला काय विचारता? ध्रुवावर घालणार असाल तर सांगते."

यंदा साहेबांनी सांगून टाकलं, खुर्ची एकच राहणार. जिच्या चुका कमी, तिची. मावशींच्या घरची चूल त्यांच्याच पगारावर. माझ्याकडेही आनंदीआनंदच.

आणि नेमकं तेव्हाच आमचं जुळेनासं झालं. फोटोच्या डाव्या कडेला मी ढग दाखवावा आणि मावशींनी तिथे स्वच्छ बर्फ म्हणावं. रोज तेच.

"अगं, झोप काढ जरा," त्या म्हणायच्या. "तुला बर्फात ढग दिसायला लागलेत."

साहेब म्हणायचे, "मावशी चुकतील होय?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मान मोडून काम करायचं आणि शेवटी खोटी मीच! संताप संताप झाला नुसता.

एका दुपारी मी साहेबांना बोलावून घेतलं. मावशींनी सकाळीच खुणा केलेल्या एका फोटोची कोरी प्रत घेतली, पुरती फिरवली, वरचं खाली, डावं उजवीकडे, आणि नवीन फोटो म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. ते फोटो इतके सारखे की ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी एक जांभई दिली आणि रेघा मारल्या.

मी फोटो परत सरळ केला आणि सकाळच्या खुणांवर ठेवला. सकाळी उजवीकडे त्यांनी भला मोठा ढग दाखवला होता, तो आता गायब. आणि सकाळी जिथे स्वच्छ बर्फ होता, तिथे त्यांनी स्वतःच ढग काढला होता. फोटो कसाही ठेवा, मावशींची डावी कड मोकळीच.

"बघा!" मी म्हटलं. केवढ्याने ओरडले असेन कोण जाणे.

मावशी पडद्याच्या जवळ सरकल्या. मान हळूच डावीकडे वळवली.

"अगंबाई, आहे की गं ढग."

मान सरळ केली. "गेला."

पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. मग उजवा डोळा झाकून बघितलं, डावा झाकून बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळा कुठलाही असो, मावशींना डावीकडचं दिसतच नव्हतं. मला फक्त बरोबर ठरायचं होतं हो, हे नको होतं.

मला वाटलं, आता खुर्ची हिसकावली म्हणून मला चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि घाईघाईने सुनेला फोन लावला.

"अगं, पिल्लूला शाळेतून आज तूच आण. ... नाही, बरी आहे मी. निघ तू, सुटेल एवढ्यात."

फोन हातात तसाच होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोज तो मोठा रस्ता ओलांडून आणते गं मी नातीला. माझ्या डाव्या अंगाला, हात धरून."

आणि मग फोनमध्ये, "उद्या? उद्याही तूच."