दोन बोटं जागा

माझ्या धाकट्या भावाला सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. लहानपणी वडिलांच्या हाताखाली शिकायला बसला आणि पहिल्याच आठवड्यात ते हत्यार घेऊन घरातल्या सगळ्या दारांना लावत हिंडला, "हे वाकडं, तेही वाकडं." तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. आता पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण खोड गेली नाही. कोणाकडे चहाला गेला तरी कप उचलायच्या आधी एक डोळा मिटून टेबलाची कड बघतो. मी त्याची थोरली बहीण. त्याला नावं ठेवायचा हक्क मला जन्मापासून आहे आणि तो मी एक दिवससुद्धा वाया घालवलेला नाही. शेजारच्याच गाळ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे मालाची कमतरता नाही.

त्याचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, तो आणि दोन कारागीर. कपाटं, टेबलं, दारं करतात. काम मात्र असं करतो की खोटं कशाला बोलू, बघत राहावं. खिळा मारत नाही. खिळा म्हणजे सुताराने मान्य केलेली हार, असं त्याचं म्हणणं. सगळं खाचा पाडून, एकात एक बसवून. खिशात एक व्हिजिटिंग कार्ड असतं. ते कोणाला द्यायचं नसतं, सांध्यात घालायचा प्रयत्न करून "बघा, जात नाही" असं गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. एका बाईंनी एकदा ड्रॉवर जरा सैल वाटतो म्हटलं, तर हा पूर्ण कपाट उचलून परत घेऊन आला. पैसेही परत केले. भावजय त्या दिवशी जेवली नाही.

तर अशा माणसावर गेल्या वर्षी वेळ आली. त्याचा माल पोचवणारा जुना टेम्पोवाला टेम्पो विकून मुलीकडे राहायला गेला. दुसरे जे होते ते एका फेरीचं एवढं भाडं सांगत की कपाट फुकट देऊन टाकलेलं परवडलं असतं. हातगाडी ओढायची तर कंबर गेलेली. दोन महिने माल शेडमध्ये अडकून पडला आणि एका संध्याकाळी गुण्या माझ्या दुकानात येऊन मशीनच्या टेबलावर बसला. म्हणाला, "ताई, गाडीची सोय झाली नाही तर कुलूप लावतो. त्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात माणसं घेतायत. खोक्यातून फळ्या काढायच्या आणि स्क्रू पिळून कपाट उभं करायचं."

मी कात्री खाली ठेवली. खिळ्याला हार म्हणणारा हा माणूस आता स्क्रू पिळणार होता. पण तोंडाने म्हटलं, "टेबलावरून ऊठ, कापडावर बसलायस."

आणि मग पिकअप आली. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! एका दूधवाल्याच्या गोठ्यामागे सहा वर्षं उभी होती. इंजिनात उंदरांचं बिऱ्हाड, मागच्या हौद्याचा पत्रा इतका गंजलेला की आरपार जमीन दिसायची, आणि दारं दोन असली तरी एक उघडत नव्हतं आणि एक लागत नव्हतं. दूधवाल्याने जवळजवळ फुकटच दिली, वर ओढून न्यायला दोरही दिला. त्यावरूनच मला शंका यायला हवी होती. कागदपत्रं सांगत होती की तीन महिन्यांत गाडी तपासणीत पास झाली तर चालवता येईल, नाहीतर भंगारातच घालावी लागेल. म्हणजे गाडी पास झाली तर कारखाना, नापास झाली तर स्क्रू. इतका सरळ हिशेब होता.

भावजय दारात उभी राहून त्या प्रकाराकडे बघत होती. मला म्हणाली, "वन्सं, आमच्या यांना सांगा, घरात एक कंबर मोडलेलं आहे तेवढं पुरे."

"पदरी पडलं पवित्र झालं," मी म्हटलं. ती म्हणाली, "हेच माझ्या लग्नातही म्हणाला होतात."

पैसे नव्हतेच, त्यामुळे ज्याला जे येत होतं ते त्या गाडीत गेलं. इंजिन आणि ब्रेकचं काम कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी घेतलं, बदल्यात गॅरेजसाठी खणांचं कपाट ठरलं. सीट मी शिवली. तीन गिऱ्हाइकांच्या उरलेल्या रेक्झिनचे तुकडे होते, तपकिरी, निळा आणि एक लाल. मधल्या लाल पट्टीला मी दुहेरी शिलाई घातली आहे. आजवर एकानेही त्याबद्दल चांगला शब्द काढलेला नाही, म्हणून इथे सांगून ठेवते. रंग कपाटांचा उरलेला, डबे होते तसा लावला. केबिन बदामी झाली आणि डाव्या दारापाशी बदामी संपला, म्हणून ते दार कोणाच्या तरी स्वयंपाकघराचं हिरवं आहे. काच खाली करायचा दांडा गुण्याने शिसवी लाकडाचा केला. मिस्त्री म्हणाले, "शेठ, उद्या चाकंही लाकडाची कराल." गुण्याने त्यावर खरोखर विचार केलेला मी पाहिला.

खरा जीव मात्र त्याने हौद्यात ओतला. पत्रा घ्यायला पैसे नव्हते, पण एका शाळेचे मोडके बाक स्वस्तात मिळाले. अस्सल सागवान, वरून पोरांनी करकटकाने खणून ठेवलेलं. गुण्याने एकेक फळी रंधून काढली आणि खालून सागाचा तो मधासारखा रंग निघाला. दीड महिना दुपार नाही, जेवण नाही. आख्ख्या हौद्याला एक खिळा नाही. खालच्या लोखंडी चासीला बोल्ट मारणं भागच होतं, तेवढे चार-सहा बोल्टसुद्धा त्याने लाज वाटावी तसे लाकडी बुचांखाली झाकले.

मिस्त्री एकदा गाडीखाली आडवे असताना तिथूनच म्हणाले, "शेठ, केबिन आणि हौदा यांच्यामध्ये दोन बोटं जागा सोडा."

"कशाला?"

"गाडी आहे ती. खड्ड्यात चाक गेलं की हौदा एकीकडे हलतो, केबिन दुसरीकडे. मोकळीक लागते."

"दोन बोटं?" गुण्या म्हणाला. "दोन बोटं फट ठेवायची तर मी सुतार कशाला झालो? वेल्डर झालो नसतो?"

गाडीखालून पाना आपटल्याचा आवाज आला. आणि गुण्याने हौदा केबिनला असा भिडवला की दोन्हींमधून कार्ड जाईना. केबिनची पाठ जरा वाकडी होती, तर फळीची कड त्या वाकडेपणासकट तासली. दोन्ही कारागिरांना बोलावून कार्ड घालून दाखवलं, मला दाखवलं, पोस्टमनलासुद्धा दाखवलं. आता पोस्टमनला त्याचं काय!

तपासणीला आठ दिवस राहिले तेव्हा पहिली फेरी काढली. गुण्या चालवायला, मधे मिस्त्री, कडेला मी. माझी सीट आहे म्हटल्यावर पहिला मान माझा. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी अशी गेली की काय सांगू, मी हिरव्या दारातून हात बाहेर काढून चार ओळखीच्या लोकांना नमस्कारही केला. पुढे गतिरोधक होता. पुढचं चाक चढलं, उतरलं, मागचं चढलं, आणि आमच्या डोक्यांमागे कडाड असा आवाज होऊन केबिनची मागची काच तुकडे तुकडे होऊन आमच्या मानेवर आली.

गाडी थांबली. कोणाला लागलं नव्हतं. मिस्त्रींनी कॉलरमधून काचेचा एक तुकडा काढला, गुण्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला, आणि शांतपणे खाली उतरून गॅरेजकडे चालत गेले. एवढ्या सभ्य माणसाला आपण इतके दिवस कमी लेखलं याची मला लाज वाटली.

गुण्या दोन दिवस गाडीपाशी फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आपणहून आले. भंगारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीची काच त्यांनी आणली होती, जरा लहान, पण रबर भरून बसणारी. म्हणाले, "काच मी बसवतो. बाकीचं तुम्हाला माहीत आहे."

बाकीचं म्हणजे कापणं. हौदा मागे सरकवता येत नव्हता, चाकांवरच्या कमानी मापात बसलेल्या. म्हणजे हौद्याची पुढची बाजूच दोन बोटं कापून काढायची. आणि सगळे कोपऱ्याचे सांधे, ज्यांच्यावर त्याने दीड महिना घातला, ते नेमके तिथेच. त्याने कारागिरांना चहाला पाठवलं. मला म्हणाला, "ताई, तू धर. दुसऱ्या कोणी धरलं तर हलेल."

मी धरलं. त्याने तीन वेळा माप घेतलं. इतक्या वेळा माप घेताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तो एकदाच घेतो. मग करवत चालवली. लाकडाच्या भुशाचा वास सुटला आणि मी मान फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, कारण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. सांधे कापले गेल्यावर कोपरे धरून ठेवायला काहीतरी हवंच होतं आणि नवे सांधे पाडायला दिवस उरले नव्हते. शेवटी त्याने एक साधी पट्टी घेतली आणि कोपऱ्यांवर खिळे मारले. मी मोजले नाहीत. त्याने मोजले असणार.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. भावजय म्हणाली, मी येतेच, नापास झालात तर तिथून परत आणायला कोणीतरी हवं. मोठं पटांगण, गाड्यांची रांग, आणि तपासणारे साहेब तरुण, हातात फळीवर लावलेले कागद. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला. खाली वाकून चासी पाहिली. सगळ्यावर टिक होत गेली. मग साहेब मागे आले, हौद्याला हात लावला, केबिनच्या मागची ती फट पाहिली. त्यात बोटं घातली. खिळ्यांवरून अंगठा फिरवला.

"हौदा बाहेरून करून घेतला?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," गुण्या म्हणाला.

"सुतार कच्चा मिळाला तुम्हाला." साहेब हसले. वाईट बुद्धीने नव्हे, रांगेत कंटाळलेला माणूस बोलतो तसं. "लाकूड चांगलं होतं, वाया घालवलं. हे खिळे बघा. आणि मध्ये केवढी फट."

कपाट परत आणणारा माणूस हा. एका ड्रॉवरसाठी गिऱ्हाईक तोडणारा. आता हा खिशातून कार्ड काढणार, साहेबांना सुतारकाम शिकवणार, आणि गाडी भंगारात जाणार. मी त्याच्या बाहीला हात घातला. तेवढ्यात शेजारी भावजयच पुढे सरकलेली दिसली, तोंड लाल झालेलं. बावीस वर्षं नवऱ्याच्या नावाने बोटं मोडणारी बाई, आणि साहेबाला फाडून खायला निघाली होती. मी उरलेल्या हाताने तिचा पदर धरला. दोघांना दोन हातांनी धरून मी उभी.

गुण्या म्हणाला, "हो साहेब. कच्चाच होता. बजेट तेवढंच होतं."

साहेबांनी मान हलवली, शिक्का मारला आणि पुढच्या गाडीकडे गेले.

केबिनमध्ये बसलो. कागद माझ्या मांडीवर. गाडी पास झाली होती, आणि आनंद कसा करायचा ते तिघांनाही कळेना. फाटकापाशी पोचलो तेव्हा भावजय म्हणाली, "गाडी थांबवा. मी त्या माणसाला सांगून येते."

"काय सांगणार?"

"सुतार कोण होता ते."

"बस गप," गुण्या म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "त्या सुताराला काय, तो ऐकून घेईल. उद्या दहा टेबलं पोचवायची आहेत."

भावजय खिडकीकडे तोंड करून बसली. रडत होती हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. मी कागदांची घडी घातली आणि पर्समध्ये नीट ठेवली. गुण्याने दोन्ही बाजूंना पाहून गाडी रस्त्यावर घेतली. पुढे गतिरोधक आला तेव्हा त्याने वेग कमी केला नाही. मागे दोन बोटं जागा होती.