पाटावरचा विळा

साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या वाडीत इंजिन बसलेली पहिली होडी आमची, आणि ती पाण्यात उतरली त्या दिवसापासून माझ्या थोरल्या भावाचे पाय जमिनीला लागेनात. दादाने पहिल्याच आठवड्यात शीड उतरवलं, डोलकाठी काढली आणि वल्ही नेऊन मांगराच्या, म्हणजे होडीच्या खोपीच्या, आढ्याला टांगली. "इंजिन असताना वल्ही मारूक आमी काय भिकारी?" असं तो किनाऱ्यावर चारचौघांत विचारायचा. चारचौघे हसायचे. त्यांच्या होड्यांना वल्हीच होती, तेव्हा ते कोणत्या तोंडाने हसत असतील ते मला दिसत होतं. दादाला दिसत नव्हतं.

इंजिन चालवायला मी शिकलो होतो. सहा महिने सरकारी वर्गात जाऊन बसलो, हाताला डिझेलचा वास मुरवून घेतला. तिथले मास्तर कोकणातले नव्हते, पण समुद्र त्यांनी पुष्कळ पाहिला होता. ते म्हणायचे, "होडीखालच्या पंख्यात दोरी आज ना उद्या अडकणारच. त्या दिवशी हत्यार होडीत पाहिजे. घरी ठेवलेलं हत्यार काय कामाचं?" मी हे वहीत लिहून घेतलं होतं. शहाण्या मुलासारखं खाली रेघसुद्धा मारली होती.

घरी आल्यावर मी चहाच्या खोक्याची एक पेटी केली. भातकापणीचा दातेरी विळा घेतला आणि लोहाराकडून मूठ काढून तो लांब बांबूला घट्ट बसवून घेतला, म्हणजे पाण्यात न उतरता होडीतूनच दोरी कापता यावी. लोखंड कापायची छोटी करवत घेतली. जाड पाठीची एक सुरी घेतली आणि तिला मनगटात अडकवायला दोरीचा फास केला, कारण पाण्याखाली सुरी हातातून सुटली की ती समुद्राची झाली. एका डब्याचा तळ कापून तिथे काच बसवली आणि डांबराने सांधली. डबा पाण्यावर दाबून धरला की खालचा पंखा दिसे. आणि बुडी मारणाऱ्याच्या कमरेला बांधायला वीस हात दोरी.

दादाने पेटी पाहिली आणि म्हणाला, "ही न्हाव्याची धोपटी घेवन कोणाची हजामत करतलंस रे?"

त्या दिवसापासून पेटीचं नाव धोपटी पडलं. मामाने मात्र विळा हातात घेतला, अंगठ्याने धार पाहिली, बांबू खांद्यावर टाकून तोल पाहिला आणि म्हणाला, "बरो केलंस, झिला." मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नव्हतं आणि आमचे वडील गेल्यापासून तो आमच्याच होडीवर होता. वाडीत त्याच्यासारखं जाळं विणणारा दुसरा नव्हता. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन तो बोलत बोलत सुई चालवायचा, हाताकडे बघायचासुद्धा नाही. आणि दर फेरीला होडी ढकलण्याआधी तो एकच विचारायचा, "पेटी खंय आसा?"

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा. कोयती, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून परत येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. ही आईची सक्त ताकीद. त्या वर्षी पेटीतली हत्यारंही पाटावर गेली. ती कुणी नेली म्हणाल तर मीच नेली. आईने मागितली नव्हती, दादाने सांगितलं नव्हतं. ज्याला दादाने धोपटी म्हटलं त्याला हार घातलेला दादाने बघावा, अशी माझी हौस. विळ्याचा बांबू पाटावर मावेना म्हणून मी तो भिंतीला टेकवून उभा केला आणि सगळ्यांत मोठा हार त्यालाच घातला. दादाने तो पाहिला आणि हात जोडले. मला काय आनंद झाला होता, ते आठवलं की आजही माझीच मला किळस येते.

दसऱ्याच्या सकाळी बातमी आली की बांगडा किनाऱ्याजवळ आलाय. आई म्हणाली, "आज सणाचो दिवस. खंय जाव नकात."

"बांगडो दसरो बघीत थांबता काय?" दादा म्हणाला. "आणि होडी काय पाटार ठेवलेली नाय."

म्हणजे धर्म पाटापुरता. होडीला हार घातला होता, इंजिनावर कुंकू लावलं होतं, पण ती पाटावर नव्हती म्हणून सुटली. बाकीचे खलाशी सणाचे आले नाहीत. दादा, मामा आणि मी, तिघंच निघालो. दारातून बाहेर पडताना मी विळ्याकडे पाहिलं. उचलावा असं मनात आलं. मग आईची ताकीद आठवली आणि हारही आठवला, तो काढला असता तर शोभा गेली असती. किनाऱ्यावर मामाने विचारलं, "पेटी खंय आसा?"

"घराकडे. पूजेक," मी म्हणालो.

मामाने होडीला खांदा लावला.

त्या साली दादाने जुनी काथ्याची दोरी टाकून नांगराला नायलॉनची बांधली होती. तिचंही त्याला फार कौतुक. आम्ही खडकांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला नांगर टाकून थांबलो होतो. दुपार व्हायला आली, वारा समुद्रावरून सुटला, आणि थोड्या अंतरावर पाणी काळं होऊन खळबळायला लागलं. बांगडा. दादा ओरडला, "चालू कर!" मामा अजून नांगर ओढत होता. आमच्या इंजिनाला गिअर वगैरे काही नव्हता, हँडल मारलं की पंखा फिरणारच. मी म्हटलं, "नांगर?" दादा म्हणाला, "येता तो. तू मार."

वहीत रेघ मारलेला तो शहाणा मुलगा कुठे गेला होता कुणास ठाऊक. मी हँडल मारलं. होडी पुढे गेली, सैल पडलेली दोरी तळाखालून मागे गेली, इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. दोरी तुटली, नांगर तळाला राहिला. वाऱ्याने होडी हळूहळू खडकांकडे जाऊ लागली. शीड नाही, वल्ही नाहीत, नांगर नाही. ढकलायला एक बांबू होता, तो दादाने घेतला आणि नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, जाऊन उभा राहिला.

मामाने बनियन काढलं. कालवणासाठी मासे चिरायची एक सुरी होडीत होती, ती दातांत धरून तो पाण्यात उतरला. काथ्या असता तर त्या सुरीने तुटला असता. नायलॉन पंख्यावर घासून वितळलं होतं आणि शिंपल्यासारखं कडक झालं होतं. मामा बुडी मारायचा, वर यायचा, दम घ्यायचा, पुन्हा जायचा. असं दहाबारा वेळा झालं. मग वर येऊन म्हणाला, "सुरी गेली." मनगटात अडकवायचा फास घरी पाटावर होता. "थोडी दोरी ऱ्हवली आसा, हातान सोडवतंय," म्हणाला आणि पुन्हा गेला.

त्याच्या कमरेला दोरी असती तर ती माझ्या हातात असती आणि तो कुठे आहे हे मला कळलं असतं. मी इंजिनाच्या खड्ड्यात हँडल धरून बसलो होतो. तिथून पाणी दिसत नव्हतं. दादाच्या डाव्या अंगाला खडक आठ-दहा हातांवर आला होता. तो ओरडला, "मार!"

"मामा?" मी विचारलं.

"वर आसा. मार!"

दादाने मागे वळून पाहिलं होतं का? मी हा प्रश्न त्याला कधीच विचारला नाही, कारण मग त्याने मला विचारलं असतं की तू मान वर काढून का नाही पाहिलंस. मी हँडल मारलं. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, होडी खडकापासून सुटली, आणि मागे मामा पाण्याच्या वर आला तेव्हा त्याने उजवा हात डाव्या हाताने धरला होता. त्याच्याभोवती पाणी लाल होत होतं. अंगठा सोडून चारही बोटं गेली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मामा शुद्ध मराठीत बोलला. कचेरीत, दवाखान्यात आमच्याकडे सगळे तसंच बोलतात. "दोरीत बोटं सापडली," तो म्हणाला. "इंजिन बंद होतं. माझीच चूक." मी शेजारी उभा होतो. दादा शेजारी उभा होता. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

पुढे दादाने तेच खरं करून टाकलं. किनाऱ्यावर कुणी विचारलं की सांगायचा, "मामाची बोटां दोरयेत गावली." माझ्यासमोर सांगायचा, मामासमोर सांगायचा. वरातीमागून घोडं म्हणतात तशी वल्ही होडीत परत आली, शीड आलं, पेटीला धोपटी म्हणणं बंद झालं. मामा मात्र होडीवर येईनासा झाला. फाटकी जाळी समोर घेऊन तो ओसरीवर बसायचा. डाव्या हाताने सुई धरून बघायचा आणि खाली ठेवायचा. दोन पोरं त्याच्याकडून विणायला शिकत होती, ती हळूहळू दुसरीकडे जाऊ लागली.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. आईने आदल्या दिवशीच मला सांगितलं, "पेटीतली हत्यारां पण हाड हां." मी आणली. पुन्हा विळा भिंतीला टेकवला. हार या वेळी आईने घातला. दादा, आई, मी सगळे हात जोडून उभे असताना मामा ओसरीवरून आत आला. तो सरळ पाटाशी गेला, डाव्या हाताने विळ्याचा बांबू उचलला, हार गळून खाली पडला.

"अरे, उद्या उत्तरपूजा झाल्यार उचलूचो," आई म्हणाली.

"ती गेल्या वर्साच झाली," मामा म्हणाला आणि विळा घेऊन होडीकडे निघाला.

आईने पदर तोंडाला लावला. मी पाटावरची करवत, सुरी आणि दोरी पेटीत टाकली आणि मामाच्या मागून चालू लागलो. किनाऱ्यापर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.