फळीवरचं वजन

श्रीवर्धनला आमच्या तरुणपणी पौषात होड्यांची शर्यत असे. किनाऱ्यावरून निघायचं, समुद्रातल्या खडकाला वळसा घालायचा आणि परत यायचं. होड्या लहान, चार माणसांच्या, एका शिडाच्या. वारा भरला की अशी होडी एका अंगावर कलते. मग वाऱ्याच्या बाजूला एक लांब फळी बाहेर काढायची आणि एकानं तिच्या टोकावर जाऊन बसायचं. माणूस जड असला की होडी जास्त वारा पेलते. वारा पडला की तोच जडपणा नडतो.

त्यामुळे लबाड्या सुरू झाल्या. कुणी पैलवान आणून बसवी, कुणी रेतीच्या गोण्या नेई आणि वारा मेला की खडकाआड हळूच पाण्यात सोडून देई. शेवटी पंचांनी नियम केला. सगळ्या होड्यांत चौघांचं मिळून वजन सारखं हवं. कमी भरलं तर रेती घालायची, जास्त भरलं तर होडी बाद. सुपारीच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर निघताना वजन, आल्यावर पुन्हा वजन. आम्ही बाप्ये पारड्यात मांडी घालून बसलेले बघून बायका पदराआड हसायच्या.

आमची होडी माझ्या मामांची. ते सुकाणूवर, त्यांचा जावई शिडाच्या दोरावर, मी पाणी उपसायला. फळीवर मामांचा दोस्त. तो मुसलमान मोहल्ल्यातला, दर्यावर्दी घरातला. दोघं लहानपणापासून एकत्र मासेमारीला जात. माणूस भरदार, पण फळीवर मांजरासारखा सरके. किनारा जवळ आला की होडी टेकायच्या आधीच तो पाण्यात उडी मारायचा.

एका वर्षी भादव्यात तो एकटाच जाळी घेऊन गेला आणि वादळात सापडला. त्याची होडी पालथी मिळाली. तो मिळाला नाही. त्याची म्हातारी आई म्हणे, एडनला जाणाऱ्या एखाद्या जहाजानं उचलला असेल, येईल. तिच्यापुढे थोरल्या मुलाचं काही चालेना. भावाच्या नावानं जनाज्याची, मेलेल्या माणसासाठीची, नमाजही त्यानं करवली नव्हती.

पौष आला तेव्हा मामांनी चौथा माणूस घ्यायचं नाकारलं. त्याच्या जागी त्याच्याच वजनाची रेती जाईल म्हणाले. पंचांनी गोण्या तोलल्या, तोंडं शिवून लाखेचे शिक्के मारले, आणि आम्ही त्या फळीच्या बुडाशी बांधल्या. गोणी काही फळीवर सरकत जात नाही. जोराचा वारा आला तर आम्ही मागे पडणार, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. तरी मामांनी सवयीनं फळी बाहेर काढून ठेवली.

खडकाला वळसा घातला आणि वारा एकदम मेला. पाणी तेलासारखं जड झालं. बाकीच्या होड्या खडकापलीकडे राहिल्या. त्यांचा ओरडाही ऐकू येईना. मग वायव्येकडून झोत आला तो इतका अचानक, की होडी आडवी झाली आणि पाणी काठावरून आत आलं. मामा जुन्या सवयीनं ओरडले, "बाहेर हो!"

फळी वाकली.

टोकाकडे वाकली, भारी माणसाखाली वाकते तशी. टोक लाटेला टेकत होतं. होडी सावकाश सरळ झाली. फळीवर कुणी नव्हतं. प्रत्येक लाटेला ती करकरत होती, आणि झोत वाढला की टोक आणखी खाली जात होतं, जणू कुणी बाहेर सरकत होतं. जावयानं डोळे मिटून दोर धरला होता. मामांनी एकदाच तिकडे पाहिलं, मग नजर पुढे ठेवली.

किनाऱ्याजवळ, पाणी कमरेएवढं झालं तेव्हा, फळी ताडकन सरळ झाली. अख्खी होडी हादरली.

आम्ही पहिले आलो होतो. वखारीत वजन झालं. शिक्के शाबूत, गोण्या उंच अंगाला असल्यानं कोरड्या, काटा सकाळच्याच जागी. लोक मामांना फेटा बांधायला पुढे झाले. मामांनी त्यांना बाजूला सारलं आणि पंचांपुढे जाऊन उभे राहिले. "आमची होडी बाद करा," ते म्हणाले. "वजन जास्त व्हतं. एक मानूस जास्त व्हता."

पंचांनी काट्याकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले, काटा वखारीत आहे, मी दर्यातलं सांगतोय. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण पंचांत त्या दोस्ताचा थोरला भाऊही बसला होता. मग त्यानं विचारलं, "उतरला कुठं?"

"कमरेएवढ्या पान्यात."

"मग तोच," तो म्हणाला. बाकीच्या पंचांकडे वळून त्यानं सांगितलं, होडी बाद. नियम सगळ्यांना सारखा. मान दुसऱ्या आलेल्या होडीला गेला. त्यांनी तो घेतला, पण ढोल वाजवला नाही.

संध्याकाळी थोरला भाऊ मामांना आणि मला घरी घेऊन गेला. आईला त्यानं सगळं सांगितलं. म्हातारी रडली नाही. तिनं मामांना एवढंच विचारलं, "त्याला थंडी वाजत व्हती का रे?" मग ती म्हणाली, आता नमाज करा.

शुक्रवारी मशिदीत मयताशिवाय जनाज्याची नमाज झाली. मामा आणि मी पायऱ्यांखाली वहाणा काढून उभे राहिलो. नमाज संपल्यावर थोरला भाऊ बाहेर आला आणि मामांचा हात धरून घरी घेऊन गेला. इतक्या वर्षांची दोस्ती, पण मामा त्या घरात जेवले ते त्या दिवशी पहिल्यांदा. म्हातारीनं स्वतः वाढलं.